संगणकाच्या प्रतिष्ठापनेची पोथी

गणेश चतुर्थीच्या सकाळी गुरुजी वेळेवर मिळाले नाहीत म्हणून कोणाच्या घरचा गणपती पाटावर खोळंबून राहिला, असे आता सहसा होत नाही. चौकातल्या दुकानात पूजेची पोथी मिळते. तिच्या आरंभी साहित्याची यादी असते: हळद-कुंकू, अक्षता, दूर्वा, जानवे, कापसाची वस्त्रे, सुपाऱ्या किती, विड्याची पाने किती. त्यापुढे मंत्र, आणि दोन मंत्रांच्या मध्ये साध्या मराठीतील सूचना. पाणी केव्हा सोडायचे, फूल केव्हा वाहायचे, मूर्तीला हात केव्हा लावायचा, हे सारे त्या त्या जागी लिहिलेले असते. ज्याने आयुष्यात कधी पूजा सांगितलेली नाही असा घरातला मुलगादेखील ती पोथी हातात धरून वडिलांकडून प्राणप्रतिष्ठा यथासांग करवून घेतो.

संगणकावर एखादी प्रणाली बसवण्याच्या कामाला मराठी अनुवादकांनी ‘प्रतिष्ठापन’ हाच शब्द योजला आहे. शब्द चपखल आहे. पण त्याच्या सोबतीला पोथी मात्र आली नाही. विनामूल्य मिळणारी, कोणीही बसवावी, कोणालाही द्यावी अशी संगणक कार्यप्रणाली गेली तीन दशके उपलब्ध आहे. तरीही ती शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या शाळेत पोहोचते आणि काही महिन्यांत बंद पडते. याचे कारण बहुतेक वेळा प्रणालीत नसते. ती बसवणाऱ्याने मागे काय लिहून ठेवले, यात ते असते. या लिखित मार्गदर्शिकेचे महत्त्व काय आणि ती कशी असावी, याचा विचार आज करण्यासारखा आहे.

यंत्र शाबूत, आधार संपला

संगणक सुरू केल्यावर जो मूळ कार्यक्रम यंत्राचा ताबा घेतो आणि कळफलक, पडदा, छपाईयंत्र, साठवलेल्या फाइली यांचा मेळ घालतो, त्याला कार्यप्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मायक्रोसॉफ्टची विंडोज आपल्या परिचयाची आहे. तिचा अंतर्गत मजकूर कंपनीच्या ताब्यात असतो आणि वापरण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. याउलट मुक्तस्रोत प्रणालीचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा जगापुढे ठेवला. या दोहोंच्या मिलाफातून डेबियन, फेडोरा, उबुंटू अशी अनेक वितरणे तयार झाली. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ हे भारतीय भाषांना सामावून घेणारे वितरण तयार केले.

हा विषय पुन्हा ऐरणीवर येण्याचे कारण ताजे आहे. विंडोज १० या आवृत्तीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यापुढील विंडोज ११ साठी सुरक्षेची विशिष्ट सोय असलेले तुलनेने नवे यंत्र लागते. परिणामी, ज्यांचा पडदा, कळफलक, डिस्क सारे काही ठणठणीत आहे असे असंख्य संगणक केवळ प्रणालीअभावी ‘जुने’ ठरत आहेत. पुण्या-मुंबईची कार्यालये असे संगणक बदलतात आणि त्यांतील काही सद्‌भावनेने ग्रामीण शाळांना देतात. अशा यंत्रांवर लिनक्स बसवले तर ती आणखी काही वर्षे कामास येऊ शकतात. शनिवार-रविवारी चार उत्साही अभियंते गाडीतून जातात, दिवसभरात प्रणाली बसवतात, मुलांसोबत छायाचित्र काढतात आणि संध्याकाळी परततात. खरी परीक्षा सोमवारपासून सुरू होते.

पुण्यात राहिलेला परवलीचा शब्द

प्रस्तुत लेखकही अशा उत्साही मंडळींपैकी एक होता. २००९ साली दौंड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत आम्ही देणगीदाखल मिळालेल्या आठ संगणकांवर लिनक्स बसवले. मुले भराभर चित्रे काढू लागली. विज्ञानाच्या शिक्षकांना तासाभरात सारे दाखवले आणि ‘काही अडले तर फोन करा’ असे सांगून आम्ही निघालो. शाळेत आमच्या हातचा लिहिलेला एक कागदही राहिला नाही.

पावसाळ्यात वीज गेली आणि आली. त्यानंतर दोन संगणक सुरू होताना मध्येच थांबले. काळ्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला: डिस्कची तपासणी हाताने करावी आणि देखभालीसाठी मुख्य परवलीचा शब्द द्यावा. ही आपत्ती नव्हती. वीज अचानक गेली की लिनक्स कधीकधी असे थांबते. परवलीचा शब्द देऊन एक आज्ञा टंकित केली आणि विचारलेल्या प्रश्नांना होकार दिला, तर बहुधा दहा मिनिटांत यंत्र पूर्ववत होते. पण तो परवलीचा शब्द पुण्यात माझ्या डायरीत होता आणि ती आज्ञा माझ्या डोक्यात होती. मी परगावी असल्याने फोन लागला नाही. पुढे छपाईयंत्र चालेना. कार्यालयातील लिपिकांची जुनी मराठी पत्रे उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसू लागली, कारण ती युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकित केलेली होती. हे असे होणार, याची पूर्वसूचना आम्ही कोणालाच दिली नव्हती.

दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा पाच संगणकांवर विनापरवाना विंडोज बसवलेले होते आणि तीन कपड्याखाली झाकून ठेवले होते. शिक्षकांनी तक्रार केली नाही. ‘सर, तुम्ही होता तोवर सगळं चालत होतं,’ एवढेच ते म्हणाले. हे वाक्य मला आजही बोचते. ज्या प्रणालीचे सारे स्वातंत्र्य मी त्यांना समजावून सांगितले होते, तिच्यासाठी त्यांना माझ्यावर अवलंबून ठेवणारा मीच होतो. चार पानांची एक वही त्या दिवशी शाळेत ठेवली असती, तर त्या आठही यंत्रांची गोष्ट वेगळी झाली असती.

आपले दोष सांगणारी पाने

माहितीपुस्तिका ही मूळ कामाला नंतर जोडलेली शेपटी आहे, असा समज आपल्याकडे रुजलेला आहे. संगणकाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. लिनक्सची पूर्वज असलेली युनिक्स प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवली. तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र पान, आणि त्या पानावर त्या आज्ञेतील ज्ञात दोषांचाही वेगळा रकाना, अशी तिची रचना होती. आपले काम कुठे कमी पडते हे कर्त्यानेच छापून सांगायचे, हा तो शिरस्ता. वाचकाचा विश्वास यातूनच निर्माण होतो.

लिनक्सच्या बाबतीतही असेच घडले. गाभा जाहीर झाल्यावर वर्षभरातच, म्हणजे १९९२ मध्ये, स्वयंसेवकांनी ‘लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’ सुरू केला. ‘हे कसे करावे’ अशा थाटाच्या, एकेका कामापुरत्या पुस्तिका त्यातून निघाल्या. अनेकांना लिनक्सची वाट त्यांनीच दाखवली. मुक्त प्रणालींची सर्वांत मोठी उणीव चांगल्या मुक्त माहितीपुस्तिकांची आहे, असे स्टॉलमन यांनी आग्रहाने मांडले. पुस्तिकांसाठी वेगळा मुक्त परवानाही २००० साली तयार झाला. प्रणालीत बदल करण्याची मुभा आहे, पण तिच्या पुस्तिकेत तो बदल नोंदवण्याची मुभा नाही, असे झाले तर पुस्तिका लवकरच खोटी ठरते, हे त्यामागचे तत्त्व. ओपनबीएसडी या प्रणालीचे कर्ते तर पुस्तिकेतील चुकीला कार्यक्रमातील चुकीइतकेच गंभीर मानतात.

यामागे व्यावहारिक कारण आहे. विकत घेतलेल्या प्रणालीसोबत विक्रेता येतो, दुरुस्तीचा करार येतो, शेजारच्या दुकानातला जाणकार मुलगा येतो. मुक्त प्रणालीसोबत यांपैकी काही येईलच असे नाही. तिथे लिहिलेले पान हाच विक्रेता आणि तोच दुरुस्ती करणारा. पान कच्चे असेल तर प्रणाली विनामूल्य असूनही महाग पडते. त्या महागाईची किंमत शिक्षकाच्या वाया गेलेल्या तासांत आणि मुलांच्या हुकलेल्या वर्षात मोजावी लागते.

वाटी आणि चमचा

मग चांगली मार्गदर्शिका कोणती? कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पाककृतींचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि मराठी घराघरांत पोहोचले. त्या पुस्तकाचे एक मोठे वैशिष्ट्य असे की, त्यातील मापे वाटी आणि चमच्यात होती. नव्याने संसार मांडलेल्या मुलीच्या ओट्यावर तराजू नसतो, हे लेखिकेने ओळखले होते. संगणकाची मार्गदर्शिका लिहिणारे बहुतेक वेळा नेमके इथेच चुकतात. त्यांच्या हाताला जे सहज झाले आहे, ते वाचकालाही ठाऊक आहे असे ते धरून चालतात. ‘पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करा’ हे वाक्य जाणत्याला पुरते. पण नवख्याला त्यात चार अनुत्तरित पायऱ्या आहेत. कोणती कळ दाबायची? केव्हा दाबायची? पडद्यावर काय दिसले म्हणजे ती योग्य वेळी दाबली गेली? आणि ते दिसले नाही तर काय करायचे?

तेव्हा पूजेच्या पोथीप्रमाणे आरंभी साहित्याची यादी हवी. संगणकातील प्रक्रियक ३२ बिटचा की ६४ बिटचा, स्मृती किती, पेन ड्राइव्ह किती क्षमतेचा, जालजोडणी तारेची की बिनतारी, काम किती वेळ चालेल आणि तेवढा वेळ वीज राहील का, हे सारे हात घालण्यापूर्वी कळले पाहिजे. ३२ बिटचा मुद्दा किरकोळ वाटेल; पण ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ या आवृत्तीत अशा जुन्या यंत्रांसाठी प्रतिष्ठापनाची सोय उरलेली नाही. पाच वर्षांपूर्वीची उत्तम मार्गदर्शिका हाती धरून आज बसणाऱ्याची पहिल्याच पायरीवर फसगत होईल. म्हणून प्रत्येक मार्गदर्शिकेवर तारीख, प्रणालीची आवृत्ती आणि ‘या यंत्रावर करून पाहिले’ ही नोंद अनिवार्य मानावी.

यादीनंतर पायऱ्या. एका पायरीत एकच कृती आणि तिच्या खाली ‘आता पडद्यावर असे दिसेल’ हे वाक्य. जिथे परतीचा मार्ग नाही तिथे आधी ठळक इशारा हवा. डिस्कचे विभाग पाडताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला की जुने निकालपत्रक, हजेरी, पगारपत्रक सारे जाते. हा इशारा त्या पायरीच्या आधी हवा. नंतर देऊन उपयोग नाही. फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ती उघडून पाहिल्याशिवाय पुढचे पान उलटू नये, असे स्पष्ट लिहावे. उतरवून घेतलेली फाइल मार्गात बिघडली नाही ना, हे तिच्यासोबत दिलेल्या पडताळणी अंकावरून कसे तपासायचे, हेही सांगावे. अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे वाया गेलेले दिवस अनेकांच्या गाठीशी आहेत.

प्रतिष्ठापन संपले की मार्गदर्शिका संपते, हा आणखी एक गैरसमज. शाळेच्या दृष्टीने कामाची सुरुवातच तिथून होते. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक कसा निवडावा, ‘ऱ्य’ हे अक्षर कसे उमटते, जुन्या फॉन्टमधील पत्रे युनिकोडमध्ये कशी आणावीत, छपाईयंत्र कसे जोडावे, अद्ययावत करणे केव्हा आणि कसे करावे, याची उत्तरे नसतील तर प्रणाली सुरू होऊनही कामाला लागत नाही. शेवटी एक पान अडचणींचे असावे. डावीकडे पडद्यावर दिसणारा इंग्रजी संदेश, उजवीकडे त्याचा मराठीत अर्थ आणि उपाय. आमच्या शाळेला त्या पावसाळ्यात नेमके हेच पान हवे होते.

दौंड स्थानकाचा धडा

इथे एक शंका येते. लिनक्सच्या प्रत्येक वितरणासोबत सविस्तर मार्गदर्शिका असते. मग शाळेने वेगळी कशाला लिहायची? या शंकेचे उत्तर दौंडच्या रेल्वे स्थानकात सापडते. मुंबई-सोलापूर मार्गावर मनमाडचा फाटा जिथे मिळतो ते हे जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना इथे इंजिन एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. दौंड कॉर्ड लाइन हा जोडमार्ग झाल्यानंतर त्या दिशेच्या गाड्यांना मुख्य स्थानकात न शिरता थेट जाण्याची सोय झाली.

भारतीय रेल्वेत गाड्या चालवण्याचे सामान्य नियम आहेत आणि त्यांना पूरक नियमही आहेत. तरीही प्रत्येक स्थानकासाठी ‘स्टेशन वर्किंग रूल्स’ नावाची वेगळी पुस्तिका असते. या स्थानकात रूळ किती, सिग्नल कुठे, कोणता रूळ कोणत्या कामासाठी, इथली विशेष अडचण कोणती, हे तिच्यात असते. नव्याने बदलून आलेल्या स्टेशन मास्तरांना पूर्वीच्या स्थानकाचा कितीही अनुभव असला, तरी ही पुस्तिका वाचून, समजल्याची लेखी ग्वाही दिल्याशिवाय स्वतंत्र कार्यभार मिळत नाही. रुळांच्या मांडणीत बदल झाला की पुस्तिकाही बदलावी लागते.

संगणक कक्षालाही अशाच दोन थरांची गरज आहे. वितरणाची मोठी मार्गदर्शिका हे सामान्य नियम. त्याखाली शाळेची स्वतःची चार पाने: कोणत्या क्रमांकाचे यंत्र कोणत्या बनावटीचे, सुरू होताना कोणती कळ दाबावी, छपाईयंत्राचे नाव काय, मुख्य परवलीचा शब्द कोणत्या बंद पाकिटात आणि कोणाच्या कपाटात, मागील दुरुस्ती कोणी व केव्हा केली. मोठी मार्गदर्शिका जगातील तज्ज्ञ लिहितील. ही चार पाने मात्र तिथेच, त्या कक्षात बसून लिहावी लागतात. शिरूर तालुक्यातील रांजणगाव किंवा दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत काम केलेल्या पालकांना हे वेगळे सांगायला नको. यंत्रापाशी लावलेला कामाच्या पायऱ्यांचा तक्ता त्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे.

पडद्यावर मराठी, पुस्तकात नाही

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. १४ फेब्रुवारी २००९ रोजी डेबियनची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचा प्रतिष्ठापन कार्यक्रम ६३ भाषांत होता आणि त्या वेळी नव्याने दाखल झालेल्या भाषांत मराठी होती. ज्या स्वयंसेवकांनी हे काम केले त्यांचे ऋण मोठे आहे. पण पडद्यावरील प्रश्न मराठीत आला, तरी त्याचे उत्तर काय द्यावे हे समजावणारी सविस्तर मार्गदर्शिका मराठीत आली नाही. ‘विभाजन’, ‘आरोह बिंदू’ असे शब्द समोर उभे राहतात आणि इंग्रजी न येणारा वाचक जिथे होता तिथेच राहतो. याच आवृत्तीतून अनुवाद अद्ययावत न राहिल्यामुळे एस्टोनियन भाषा वगळण्यात आली होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अनुवाद एकदा करून संपत नाही. विहिरीतला गाळ जसा दरवर्षी काढावा लागतो, तशी त्याची निगा राखावी लागते.

या बाबतीत दोन उदाहरणे आशादायक आहेत. केरळ सरकारने २००१ साली सुरू केलेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पातून तेथील शाळा मुक्तस्रोत प्रणालीकडे वळल्या. प्रणाली सर्वांसाठी एकच ठेवली गेली, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले आणि पाठ्यपुस्तके मल्याळममध्येही आली. पुस्तकात जे छापले आहे तेच पडद्यावर दिसते, ही साधी गोष्ट तिथे साधली. दुसरे उदाहरण मुंबईचे. आयआयटी मुंबईतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्ससह अनेक मुक्त कार्यक्रमांचे छोटे दृक्-श्राव्य पाठ मराठीसह विविध भारतीय भाषांत तयार झाले. त्यांच्या कार्यपद्धतीतील एक टप्पा अनुकरणीय आहे. पाठाची संहिता ध्वनिमुद्रित होण्यापूर्वी ती विषय न जाणणाऱ्या नवख्याकडून तपासून घेतली जाते. त्याला जमले तर संहिता उतरली. त्याला अडले तर दोष संहितेचा, त्याचा नव्हे.

आता कोणी म्हणेल की, व्हिडिओ आहेत, कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारता येते, मग छापील पाने कशाला? ज्याचा एकमेव संगणक सुरूच होत नाही, त्याच्या हाती फार तर फोन असतो. व्हिडिओ भलत्याच आवृत्तीचा निघतो. कृत्रिम बुद्धिमत्तेला शाळेतील तिसऱ्या क्रमांकाच्या यंत्राची बनावट ठाऊक नसते आणि चुकीची आज्ञाही ती तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकते. त्या चार पानांतील माहिती विचारताना पुढे ठेवली, तर उत्तरही अधिक नेमके मिळते. शिवाय ही साधने जे सांगतात, त्याच्या मुळाशीही कोणीतरी कधीतरी काळजीपूर्वक लिहिलेल्या मार्गदर्शिकाच आहेत. मराठीत तसे लिखाण तुटपुंजे राहिले, तर मराठीत मिळणारी उत्तरेही तुटपुंजीच राहतील.

पाबळची वही

चांगले लिहिण्यासाठी मोठे शहर लागत नाही, याचा दाखला शिरूर तालुक्यातच आहे. हिंदुस्तान लिव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. स्टॉलमन यांची घोषणाही त्याच वर्षीची. ‘हाताने काम करत शिकणे’ हे आश्रमाचे सूत्र. शाळा सोडलेली मुले इथे बांधकाम, वेल्डिंग, शेती, वीजजोडणी शिकली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने इथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या सुरुवातीच्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. या प्रयोगशाळांच्या जाळ्यातून चालणाऱ्या ‘फॅब अकादमी’च्या अभ्यासक्रमात पाबळ येथूनही विद्यार्थी सहभागी झाले आहेत. त्या अभ्यासक्रमाचा एक कडक नियम असा की, दर आठवड्याला काय केले, काय बिघडले आणि ते कसे सुधारले, याची उघड नोंद विद्यार्थ्याने ठेवायची. वस्तू चालली, पण नोंद नाही, तर काम अपुरे धरले जाते.

हाच नियम शाळेच्या संगणक कक्षात आणता येईल. नववीच्या मुलांच्या एका गटाने एका यंत्रावर लिनक्स बसवावे आणि प्रत्येक पायरी मराठीत वहीत लिहावी. मग ती वही दुसऱ्या गटाला द्यावी आणि पहिल्या गटाने तोंडाला कुलूप लावून शेजारी बसावे. दुसरा गट जिथे अडखळेल, तिथे वहीत दुरुस्ती करायची. तिसऱ्या गटापर्यंत वही पोहोचेल तेव्हा ती बऱ्यापैकी निर्दोष झालेली असेल. यात मुले संगणक शिकतील. त्याहून अधिक म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहून लिहायला शिकतील. जिल्ह्यातील दहा शाळांच्या अशा वह्या एकत्र आल्या, तर मराठीत आज नसलेली मार्गदर्शिका आकाराला येईल.

शहरातील वाचकांकडे आणि त्यांच्या कार्यालयांकडे एक मागणे आहे. जुने संगणक शाळांना जरूर द्या, शनिवार-रविवार काढून जरूर जा. मात्र निघण्यापूर्वी शेवटचा एक तास राखून ठेवा. शाळेतील शिक्षकांच्या किंवा शिपाईमामांच्या हाती तुम्ही लिहिलेली पाने द्या आणि त्यांना एक यंत्र बंद करून, पुन्हा सुरू करून, बिघडवून, दुरुस्त करून पाहू द्या. तुम्ही खुर्चीवर हात बांधून बसा. त्यांना तुमच्याकडे न पाहता ते जमले, तर तुमचे काम झाले असे समजून पुण्याचा रस्ता धरा.

दौंडच्या त्या शाळेत मी नंतर एकदा गेलो, तो चार पाने बरोबर घेऊन. परवलीचा शब्द या वेळी बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या स्वाधीन केला. झाकून ठेवलेल्या तिघांपैकी दोन यंत्रे विज्ञानाच्या शिक्षकांनीच, पाने समोर ठेवून, सुरू केली. तिसऱ्या यंत्राशी अडले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न पाहता पेन उचलले आणि पानाच्या समासात लिहिले: ‘इथे एफ १२ नव्हे, एफ २ दाबावे.’ त्या चार पानांतले सर्वांत उपयोगी वाक्य मी लिहिलेले नाही.